बर्फातला बाण

राजाचा बाण चुकला, हे साऱ्यांना दिसलं. फक्त राजाला दिसलं नाही.

ओढ्यापलीकडे, धुक्यात, एक बारशिंगा लाकडी खांबाला पाठ घासत उभा होता. राजा रणधवलने बाण सोडला. बारशिंग्याने मान वर केली, एकदा फुरफुरला आणि चौखूर उधळला.

"लागला!" सोबतचे चारही सरदार एकदम ओरडले. "वा महाराज! काय नेम!"

रानाचा राखणदार केसरू धापा टाकत चढण चढून आला, तेव्हा बाण सुटून गेला होता. उत्तरेच्या त्या बर्फाळ रानात तो बावीस वर्षं एकटा पहारा करत होता. फाल्गुनापर्यंत तिथे शिकारीला बंदी होती. हुकूम राजाचाच, पण उन्हाळ्यात काढलेला. राजा विसरला होता. सरदार विसरले नव्हते, पण राजाला आठवण करून देणार कोण?

"केसरू," राजा म्हणाला, "ज्या शिकारीला माझा बाण लागला, ती उद्या दुपारपर्यंत माझ्यापुढे आण. बाणाला मोराचं पीस आहे, मी ओळखेन. नाही आणलीस, तर राखणदारी गेली, झोपडी गेली. बर्फ तुडवत डोंगर उतरायचा!"

केसरू ओढा ओलांडून गेला. बर्फावर खुरांचे ठसे होते, रक्ताचा थेंब नव्हता. तो खांबापाशी बराच वेळ उभा राहिला.

परतताना मोठे सरदार हेमराज आडवे आले. "अरे, घाबरतोस काय? कुठलाही बारशिंगा मार, बाण खुपस, झालं!"

"सरदार, बारशिंगा मारणाऱ्याला पकडायला मला ठेवलंय. मीच मारला, तर मला पकडायला कोण? तुम्ही?"

सरदार वाटेतून बाजूला झाले.

झोपडीत बायकोने विचारलं, "सामान बांधू का?"

"बांधू नको. कुऱ्हाड दे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी केसरू राजाच्या तंबूत शिरला. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"शिकार आणली, महाराज."

"बघा!" सरदार नाचायलाच लागले. "आम्ही सांगितलंच होतं!"

"आधी साक्षीदार हवेत," केसरू म्हणाला. "बाण बारशिंग्याला लागला, हे कोणी पाहिलं?"

"मी!" "मी!" "मी तर सर्वांत आधी!"

"ठीक. तुमची नावं लिहून घेतो. फाल्गुनाआधी शिकार करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला सहा महिने या रानात राखण, असा महाराजांचाच हुकूम आहे. सातूची भाकरी मिळेल. गोठलेली असते, पण मिळेल."

वर गेलेले सगळे हात खाली आले.

"तसा... लागला नसावा," हेमराज म्हणाले. "हातभर अंतराने हुकला."

"हातभर? चांगला काठीभर!" दुसरे म्हणाले.

"काठीभर कसला? दहा पावलं!"

"अहो, मी नीट पाहिलं!" चौथे किंचाळले. "बारशिंगा इकडे होता, महाराजांनी बाण तिकडे मारला! पलीकडच्या डोंगरावर!"

राजा लालबुंद झाला. "म्हणजे मला बाण मारता येत नाही?"

चौथे सरदार दुसऱ्याच्या पाठीमागे लपले.

"महाराज," केसरू म्हणाला, "हे काल खोटं बोलले, आजही खोटंच बोलतायत. तुमचा बाण लागला. शिकारीलाच लागला. अगदी मधोमध."

त्याने घोंगडी उलगडली.

आत देवदाराची जाड फळी होती. बारशिंगा ज्या खांबाला पाठ घासत होता, त्याच खांबावरची पाटी! तिच्यावर मोठ्या अक्षरांत राजाचा हुकूम कोरला होता: शिकार बंद. बाण 'शिकार' या शब्दात रुतून बसला होता, 'शि' आणि 'का' यांच्या बरोबर मध्ये. मोराचं पीस अजून जागेवर होतं.

"ज्या शिकारीला बाण लागला ती आण म्हणालात. ही आणली. ओळखा बाण."

राजाने बाण पाहिला. पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"आणि हे शेजारचं 'बंद'?"

"ते शाबूत आहे, महाराज. त्याला साधा ओरखडासुद्धा नाही."

राजा आधी गालात हसला. मग पोट धरून हसला. मग इतका हसला, की तंबूच्या छतावरचं बर्फ धप्पकन खाली आलं आणि बाहेरचे घोडे बिथरले! त्याने अंगावरची लोकरीची शाल केसरूच्या खांद्यावर टाकली. राखणदारी आणि झोपडी त्याच्या नावे जन्मभरासाठी केली.

"आणि हे चौघे ओढ्यापलीकडे जाऊन पाटी परत ठोकतील. आत्ता! केसरू, तुला आणखी काय हवं?"

"एकच, महाराज. पाटी जरा मोठी करून द्या."

"का रे?"

"पुढच्या वर्षीही तुमचा नेम चुकायला नको!"