फुटाणी आणि चार गाठी

एक होती बेडकी. एवढीशी. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढी. फुटाण्यासारखी उडायची, म्हणून तिचं नाव फुटाणी.

फुटाणीचं घर होतं अळवाच्या तिसऱ्या पानाखाली. उठली की टुणुक. बसली की टुणुक. जेवता जेवता टुणुक. आजी म्हणायची, "ही पोरगी चालणार कधी?" पण फुटाणी कधी चाललीच नाही.

एकदा काय झालं, फुटाणी सकाळी उठली. उडायला गेली.

उई.

परत उडायला गेली.

उई.

टुणुक गेलं ते गेलंच. उडी हरवली.

घरात धावपळ झाली. आधी आई आली. आई म्हणाली, "पाय दुखतोय वाटतं." आईनं एक पाय धरला. त्याला हिरवं पान बांधलं. पक्की गाठ मारली.

फुटाणी म्हणाली, "पण..."

आई म्हणाली, "हलू नकोस हं." आणि आई कामाला गेली.

मग बाबा आले. बांधलेला पाय पाहून म्हणाले, "एवढ्यानं काय होतंय?" बाबांनी पानावर केळीच्या खोडाचं सोपट गुंडाळलं. पक्की गाठ मारली.

फुटाणी म्हणाली, "पण..."

बाबा म्हणाले, "हलू नकोस हं." आणि बाबा कामाला गेले.

मग आजी आली. म्हणाली, "यांना मेलं काही धड बांधता येत नाही." आजीनं सोपटावर चिंधी बांधली. पक्की गाठ मारली.

फुटाणी म्हणाली, "पण..."

आजी म्हणाली, "हलू नकोस हं." आणि आजी कामाला गेली.

मग काका आले. काकांनी पाय सगळ्या बाजूंनी पाहिला. करायला काही उरलंच नव्हतं. मग काकांनी चिंधीवर गवताचा गोंडा लावला. शोभेला. पक्की गाठ मारली.

फुटाणी म्हणाली, "पण..."

काका म्हणाले, "छान दिसतंय." आणि काका गेले. काकांना काम नव्हतं, तरी गेले.

एक पाय, चार गाठी. पाय झाला बटाट्याएवढा. फुटाणी उभी राहिली. पाऊल टाकलं.

एक पाय म्हणाला, उई. दुसरा म्हणाला, धप्प.

उई-धप्प. उई-धप्प.

ही काय उडी झाली? फुटाणीला रडू आलं. ती थोडं रडली. मग डोळे पुसले आणि दवाखान्यात निघाली. एकटीच.

उई-धप्प. उई-धप्प.

दवाखाना होता अळवाच्या पहिल्या पानाखाली. पिल्लांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टर म्हणजे एक कासव. त्यांचं नाव ढालेबाई. ढालेबाई कधी घाई करत नसत. त्यांना जमतच नसे.

दारात एक गोगलगाय होती. तिचं पिल्लू कालच बरं झालं होतं. ती घरी निघाली होती.

ढालेबाईंनी हळूच मान बाहेर काढली.

"काय हरवलं, बाळ?"

"उडी."

"या गाठी कोणाच्या?"

"आईची, बाबांची, आजीची, काकांची. पण..."

"थांब," ढालेबाई म्हणाल्या. "तो 'पण' नीट जपून ठेव. आमच्या दवाखान्यात आधी पिल्लू बोलतं. घरचे ऐकतात. मग मी बघते. आणि ज्यानं गाठ मारली, त्यानंच ती सोडायची. घरच्यांना घेऊन ये. घर लांब आहे का?"

"तिसरं पान."

"मग जमेल," ढालेबाई म्हणाल्या. आणि मान आत गेली.

फुटाणी परत निघाली. उई-धप्प. उई-धप्प. आधी आजीकडे गेली. आजी उठली की घर उठतं, हे तिला ठाऊक होतं.

आजीनं एका पानावर डासांचे सांडगे वाळत घातले होते. त्यांच्याकडे बघत बसली होती.

"आजी, आजी, चल ना.
ढालेबाई बघेनात.
माझी उडी मिळेना."

आजी म्हणाली, "येईन गं, येईन. पण मी उठले, की मुंग्या सांडगे नेतील. तुझ्या बाबानं पान उचलून घरात ठेवलं, तर येते."

फुटाणी बाबांकडे गेली. उई-धप्प. उई-धप्प.

दारापुढच्या डबक्याला भोक पडलं होतं. बाबा त्या भोकावर बसले होते.

"बाबा, बाबा, उठा ना.
आजी येईना.
ढालेबाई बघेनात.
माझी उडी मिळेना."

बाबा म्हणाले, "येईन गं, येईन. पण मी उठलो, की डबकं वाहून जाईल. तुझ्या आईनं भोकात माती भरली, तर येतो."

फुटाणी आईकडे गेली. उई-धप्प. उई-धप्प.

आई करवंटी हलवत होती. करवंटीत पाणी होतं. पाण्यात फुटाणीचा तान्हा भाऊ होता, थेंब्या.

"आई, आई, हात काढ ना.
बाबा उठेनात.
आजी येईना.
ढालेबाई बघेनात.
माझी उडी मिळेना."

आई म्हणाली, "येईन गं, येईन. पण मी हात काढला, की थेंब्या रडेल. थेंब्या झोपला, तर येते."

मोठ्यांचे 'पण' नेहमी पूर्ण होतात. छोट्यांचेच अर्धे राहतात. फुटाणीचा 'पण' अजून तिच्या गालातच होता.

फुटाणीनं करवंटीत डोकावून पाहिलं. थेंब्या म्हणजे बेडूकमासा. बेडकाचं बाळ तसंच असतं. नुसतं डोकं आणि शेपूट. पाय नाहीत, हात नाहीत.

"थेंब्या, थेंब्या, झोप ना.
आई हात काढेना.
बाबा उठेनात.
आजी येईना.
ढालेबाई बघेनात.
माझी उडी मिळेना."

थेंब्या म्हणाला, "बुडुक."

थेंब्याला एवढंच येत होतं. पण त्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. काका गायले, तर झोपतो.

फुटाणी काकांकडे गेली. उई-धप्प. उई-धप्प.

काका दगडावर पोट फुगवून बसले होते.

"काका, काका, गा ना.
थेंब्या झोपेना.
आई हात काढेना.
बाबा उठेनात.
आजी येईना.
ढालेबाई बघेनात.
माझी उडी मिळेना."

काका म्हणाले, "गाईन गं, गाईन. पण मी तालाशिवाय गात नाही. कोणी ताल धरला, तर गातो."

ताल कोण धरणार? आजी सांडग्यांपाशी. बाबा भोकावर. आईचा हात करवंटीला. थेंब्याला तर हातच नाहीत. आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नव्हतं.

फुटाणीला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ती काकांच्या दगडाभोवती नुसतीच चालू लागली. एकटीच बोलू लागली.

"उई-धप्प. काका गाईनात.
उई-धप्प. थेंब्या झोपेना.
उई-धप्प. आई हात काढेना.
उई-धप्प. बाबा उठेनात.
उई-धप्प. आजी येईना.
उई-धप्प. ढालेबाई बघेनात.
उई-धप्प. माझी उडी मिळेना."

काकांनी डोळे मिटले. काकांची मान डोलू लागली.

"थांबू नकोस," काका म्हणाले. "हाच. हाच ताल."

मग काय झालं?

फुटाणीनं ताल धरला. उई-धप्प, उई-धप्प.
ताल मिळाला, काका गायले. डराव डराव, डरा-डरा-डराव.
काका गायले, थेंब्या झोपला.
थेंब्या झोपला, आईनं हात काढला.
आईनं भोकात माती भरली, बाबा उठले.
बाबांनी पान उचलून घरात ठेवलं, आजी उठली.
आजी उठली, घर उठलं.

निघाले सगळे दवाखान्यात. आजी पुढं. बाबांच्या डोक्यावर करवंटी. करवंटीत थेंब्या, गाढ झोपलेला. आईच्या हातात फुटाणीचा हात. काका मागं, मनातल्या मनात गात.

उई-धप्प. उई-धप्प.

दारातली गोगलगाय आता पायरीपर्यंत पोचली होती.

ढालेबाईंनी मान बाहेर काढली. सगळ्यांना पाहिलं. म्हणाल्या, "आलात? बसा. आधी पिल्लू बोलेल."

आई म्हणाली, "अहो डॉक्टर, हिचा पाय..."
बाबा म्हणाले, "मी सोपट..."
आजी म्हणाली, "मी म्हणत होतेच..."
काका म्हणाले, "गोंडा..."

ढालेबाईंची मान आत गेली. कवच बंद झालं.

सगळे गप्प बसले. पुष्कळ वेळ गप्प बसले. तेव्हा कुठं मान बाहेर आली.

"आधी पिल्लू," ढालेबाई म्हणाल्या.

आता सगळे फुटाणीकडे बघू लागले. फुटाणीनं गालातून 'पण' काढला.

"पण," फुटाणी म्हणाली, "पण हा बांधलेला पाय दुखतच नाही. दुखतो तो दुसरा."

सगळ्यांनी दुसऱ्या पायाकडे पाहिलं.

आई म्हणाली, "मला वाटलं, हाच पाय."
बाबा म्हणाले, "आईनं हा बांधला होता, म्हणून मी हाच बांधला."
आजी म्हणाली, "दोघांनी हा बांधला होता, म्हणून मी हाच बांधला."
काका म्हणाले, "मला तर तयारच मिळाला."

"सोडा आता," ढालेबाई म्हणाल्या.

काकांनी गाठ सोडली. गोंडा निघाला.
आजीनं गाठ सोडली. चिंधी निघाली.
बाबांनी गाठ सोडली. सोपट निघालं.
आईनं गाठ सोडली. पान निघालं.

आत पाय होता. छान होता. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. नुसता घामेजला होता.

मग ढालेबाईंनी दुसरा पाय पाहिला. त्यात होता एक काटा. मुंगीच्या मिशीएवढा.

"फुटाणी, काढू का?" ढालेबाईंनी विचारलं.

सकाळपासून फुटाणीला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "आईनं माझा हात धरला, की काढा."

आईनं हात धरला. बाबांनी पाय धरला. आजी म्हणाली, "माझ्याकडे बघ गं, माझ्याकडे बघ."

काकांनी विचारलं, "मी काय करू?"

"गाऊ नका," ढालेबाई म्हणाल्या.

चुट्.

काटा निघाला.

आई म्हणाली, "चुकलं गं माझं. आधी तुला विचारायला हवं होतं." आणि आईनं तो न बांधलेला पाय कुरवाळला. फुटाणीला फार बरं वाटलं.

"आता औषध?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"बांधायचं काय?" आजीनं विचारलं.

"काही नाही."

आजीला ते पटलं नाही. पण ती बोलली नाही.

ढालेबाई म्हणाल्या, "फुटाणी, आता उड."

फुटाणी उठली. एक पाय उई म्हणेना. दुसरा धप्प म्हणेना.

टुणुक.

उडी मिळाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पायरीवरून टुणुक. गोगलगायीवरून टुणुक. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान, घर.

घरी आल्यावर थेंब्या जागा झाला. आई करवंटी हलवू लागली. काका गाऊ लागले. पण थेंब्या झोपेना.

थेंब्या म्हणाला, "बुडुक."

त्याला ताल हवा होता. आता काय करणार? फुटाणी करवंटीभोवती चालली. पाय बरा होता, तरी मुद्दाम तशीच चालली. उई-धप्प. उई-धप्प. थेंब्या झोपला. मग रोजचंच झालं. रोज काकांचं गाणं, रोज फुटाणीचा ताल.

असे बरेच दिवस गेले. थेंब्याला हातपाय फुटले. मग शेपटी गेली. एका सकाळी तो करवंटीतून बाहेर आला. सगळं घर बघायला जमलं. थेंब्यानं पहिलं पाऊल टाकलं.

उई-धप्प.

आई पान आणायला धावली. बाबा सोपट आणायला धावले. आजीनं चिंधी फाडली. काकांनी गोंडा काढला.

आणि सगळे थांबले. एकमेकांकडे बघू लागले. मग पान, सोपट, चिंधी, गोंडा, सगळं खाली ठेवलं. सगळे थेंब्यासमोर बसले.

आईनं विचारलं, "थेंब्या, कुठं दुखतंय रे, बाळा?"

थेंब्याला आता बोलता येत होतं.

"कुठंच नाही," थेंब्या म्हणाला. "ताई असंच चालते ना?"

फुटाणी उठली. थेंब्याच्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "आता बघ हं."

टुणुक.

थेंब्यानं पाहिलं. आणि त्यानंही उडी मारली.

टुणुक.

तिकडं गोगलगाय आपल्या घरी पोचली, आणि इकडं आपली गोष्ट पुरी झाली.