फुलवंताचं खापर

फार वर्षांपूर्वी, काडेपेटी गावात आली नव्हती आणि विस्तव शेजारघरून आणायचा असायचा, तेव्हाची ही गोष्ट. भाताच्या मुलखात, तलावाच्या पाळीखाली हिरडटोला नावाची वस्ती आहे. तिथं डोमा आणि त्याची मोठी बहीण फुलवंता अशी दोघंच राहत. आईबाप लवकर गेले होते. डोमा तिला बाई म्हणे. रागाला तो पुढे आणि विचाराला मागे, पण बाई समोर नसली तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

फुलवंताचं एक जगावेगळं होतं. घरोघरच्या बाया निखारा राखेत झाकून ठेवत, म्हणजे सकाळी फुंकर मारली की चूल पेटे. फुलवंता मात्र सकाळी उठून आपल्याच चुलीवर पाणी ओते आणि खापर घेऊन विस्तव मागायला निघे. विहिरीवर बाया हसत. "डोमाच्या बहिणीले एक चूल राखता येत नाही, इले कोण बायको करून नेईल?" ते ऐकून डोमाच्या अंगाची लाही होई.

एकदा त्यानं तिला पाणी ओतताना धरलं.

"काहून विझवली वं बाई?"

"इस्तो मागाले जाता येते म्हणून."

"अन् तो कशाले मागाचा?"

"धान मागाले कोणाची जीभ रेटते का? उपाशी निजतील, पण तोंड उघडणार नाहीत. इस्तो मागाले अन् नाही म्हणाले कोणालेच लाज नाही. ज्याच्या घरी शिजवाले काही नाही तो म्हणते, आज चूल पेटली नाही. बस, मले समजते."

समजलं की ती पुढच्या घरून विस्तव घेई, घरून तांदळाचं गाडगं उचले आणि त्या थंड चुलीपाशी येऊन म्हणे, "आमची चूल रुसली मावशी. तुमच्या चुलीवर शिजवू द्या." नाही कोण म्हणणार? भात शिजला की अर्धा तिथंच ठेवून येई. म्हणे, हा चुलीचा मान. ज्या घरात सकाळी दाणा नव्हता, त्या घरानं उलट फुलवंतावर उपकार केलेला असे.

हे ऐकून डोमा आणखीच भडकला. "आपल्याच कोठीत किती धान हाय? एका गाडग्यानं गरिबी जाते का?"

"गरिबी नाही जात. आजचा दिवस जाते."

"अन् उद्या?"

"उद्यासाठी तुम्ही पोरं आहा ना."

डोमा पाय आपटत निघून गेला. पण भांडण ऐकून दाराशी जमलेल्या टोल्यातल्या बाकी पोरापोरींच्या ध्यानात ते राहिलं. एकानं आपली बैलजोडी एका सकाळपुरती कौतिकाबाईच्या बांधीत घातली. कौतिकाबाई म्हणजे शेवटच्या घरातली एकटी म्हातारी. तिची भाताची बांधी कैक वर्षं पडीक होती. दुसऱ्यानं उरलेली रोपं तिथं लावून दिली. एका पोरीनं शेजारणीला शिंदीच्या चटया विणायला शिकवल्या. कुणाचंच काम मोठं नव्हतं.

फुलवंता दर घरून एकच निखारा घेई. असं म्हणतात, मुसळधार पावसातही तिचे निखारे विझत नसत, पळसाच्या फुलांसारखे खापरात फुललेले असत. पण खापर कधी भरलं नाही. कुठली ना कुठली चूल थंडच असे. रिकामी जागा बघून ती म्हणे, "ज्या दिवशी हे शिगोशीग भरन ना डोमा, त्या दिवसापासून आपली चूल विझवणार नाही."

मग नवं भात घरात यायच्या दिवसांत ती तापानं पडली. झाडपाला झाला, अंगारे झाले, ताप हटेना. एका सकाळी ती कशीबशी उठली, चुलीवर पाणी ओतलं, खापर उचललं आणि उंबऱ्याशीच आडवी झाली, ती उठली नाही.

सरणाला विस्तव घरच्या चुलीतून न्यायचा असतो. डोमानं चुलीत हात घातला तर सगळा चिखल. तो ओरडला, "साऱ्या गावाची चूल पाहत फिरली अन् स्वतःसाठी ठिणगी नाही ठेवली." रडत, दात खात त्यानं खापर उचललं आणि निघाला. पहिल्या घरी त्यानं खापर पुढं केलं. निखारा पडला. दुसऱ्या घरी पडला. अवकाळी पावसाची झड सुरू झाली, तरी एक निखारा काळा पडला नाही.

शेवटचं घर कौतिकाबाईचं. तिथं आजवर नकारच मिळे. डोमा पाठ फिरवणार, तोच आतून आवाज आला, "थांब रे बाबू, फुकू दे जराशी." म्हातारी चिमट्यात धगधगता निखारा धरून आली. चुलीवर तिच्याच बांधीतल्या नव्या तांदळाची पेज रटरटत होती.

निखारा पडला आणि डोमानं खाली पाहिलं. खापर शिगोशीग भरलं होतं.

तो तिथंच ओट्यावर बसला. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्याला झालं. "भरलं वं बाई," तो म्हणाला, "भरलं."

असं म्हणतात, त्या सरणाच्या धुराला नव्या भाताचा वास होता, आणि तो वास धरून रानातले भुकेले वाटसरू हिरडटोल्यात जेवायला पोहोचले.

डोमा मात्र जेवेना. चूल चिखलाचीच राहिली. शेवटी कौतिकाबाई एका हातात विस्तव आणि एका हातात गाडगं घेऊन दारात उभी राहिली. "आमची चूल रुसली रे बाबू. तुझ्या चुलीवर शिजवू दे."

रडता रडता डोमाला हसू फुटलं. त्यानं चूल कोरडी केली. भात शिजला. म्हातारीनं अर्धा त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "जेव रे डोमा."

तो जेवला. बाईच्या बोलाप्रमाणं ती चूल त्यानं पुन्हा कधी विझवली नाही. पण रोज सकाळी खापर घेऊन तो निघे, आणि ते भरल्याशिवाय घास तोंडात घालत नसे.

आता हिरडटोल्यात घरोघरी गॅस आला आहे. तरी नवं भात आलं की त्या दिवशी साऱ्या घरी चुली पेटतात आणि पोरंपोरी खापर घेऊन दारोदार विस्तव मागत फिरतात. एखाद्या घरी नाही म्हटलं, तर कुणी काही बोलत नाही. त्या सांजेला नेमकी कुणाची तरी चूल रुसते. पोरं परत येईपर्यंत म्हातारी माणसं ताटावर बसत नाहीत. खापर भरून आलेलं दिसलं की वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई मोकळा श्वास सोडते आणि जवळच कुणी बसलेलं असावं तशी हळूच म्हणते, "जेव रे डोमा."