जांभळ्या लुगड्याची पट्टी

डोंगराच्या सावलीत वसलेल्या एका गावात एक गोधडीवाली राहायची. तिची शिलाई अशी, की दोन फडकी कुठे जोडली आहेत ते कितीही निरखून पाहिलं तरी सापडू नये. गोधडी पुरी झाली की ती बायकांपुढे पसरायची आणि म्हणायची, "दाखवा बरं माझा जोड." कुणालाच दाखवता यायचा नाही. मग बाईसाहेबांचा चेहरा खुलायचा. कौतुक कुणाला नको असतं? पण हिला ते जरा जास्तच लागायचं.

त्या गावाची एक रीत होती. बाळाच्या गोधडीच्या चारी कडांना जी पट्टी फिरवतात, तो गोट घरोघरच्या जुन्या लुगड्यांचा करायचा. त्यातली प्रत्येक पट्टी मागून आणायची. देणारीने ती आपल्या हाताने फाडायची आणि तोंडाने "दिली" म्हणायचं. न मागता घेतलेली पट्टी बाळाच्या अंगावर चालत नसे. का चालत नाही, हे कुणी विचारत नसे.

गोधडीवालीची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. आजीने नातीसाठी गोधडी शिवायला घेतली. गोट सगळा जांभळाच करायचा, असं तिच्या मनाने घेतलं. घरोघर फिरून तिने जांभळ्या पट्ट्या मागितल्या, टोकं तिरकी कापली आणि एकीला एक जोडत नेली. बारशाच्या आदल्या दिवशी गोटाचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला भिडवायला गेली, तर गोट वीतभर कमी पडला.

गावात जांभळं लुगडं आता एकच उरलं होतं, शेजारच्या एकट्या म्हातारीचं. झिजून फाटून ते आता जेमतेम अंगभर उरलं होतं आणि म्हातारीने ते आपल्या शेवटच्या वाटेसाठी जपून ठेवलं होतं. अधूनमधून ती ते धुऊन कुंपणावर वाळत घालायची. त्या दिवशीही घातलं होतं.

दुसऱ्या रंगाची पट्टी कुणीही हसत दिली असती. पण मग जोड दिसला असता. गोधडीवालीने इकडेतिकडे पाहिलं, लुगड्याच्या टोकाची पट्टी कापली आणि कापल्या जागी अशी दुमड घातली, की तिची तिलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

संध्याकाळी म्हातारी लुगड्याची घडी घालत कुंपणापाशी थबकली. "हे आखूड झालं का गं?" तिने विचारलं.

"पाण्यानं आटलं असेल, मावशी."

"आटलं होय." म्हातारीने पुन्हा एकदा लुगडं हाताने मापून पाहिलं. "मग माझे पाय उघडे राहतील की. मला पायांनाच फार थंडी वाजते."

सांगून टाकायची हीच वेळ होती. गोधडीवाली नुसती हसली आणि घरात गेली.

बारसं झालं. लेकीने गोटावरून हात फिरवत विचारलं, "सगळ्या पट्ट्या मागून आणल्यास ना गं?"

"मग काय तर. शोध बरं जोड."

लेकीला सापडला नाही.

थंडी वाढली आणि म्हातारी गेली. त्या गावात मेलेल्या माणसाला मातीत ठेवत. बायकांनी तिला जांभळं लुगडं पांघरलं. डोक्याकडून ओढलं, बाजूने ओढलं, पण पाय काही झाकले जाईनात. शेवटी तिला तसंच नेलं. गोधडीवालीने मान दुसरीकडे वळवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे पाय गोधडीबाहेर होते. लेकीने ते आत घेतले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते बाहेरच. तिने गोधडी खाली दुमडून घातली, फिरवून घातली, दोरीने बांधली. उजाडलं की गोधडी जागच्या जागी, दोरीची गाठ तशीच, आणि पाय मात्र उघडे. दुसरं पांघरूण घातलं, तर तेही तसंच. पाय असे गार, की हात लावल्यावर हाताला कापरं भरावं. शेक दिला, तेल चोळलं. गारठा उतरायचा सोडून गुडघ्यांपर्यंत चढला. बाळ रडतही नव्हतं. ते नुसतं पायथ्याकडे टक लावून बघायचं, जसं तिथे कुणी बसलेलं असावं.

एके सकाळी लेक बाळाचे पाय मुठीत धरून बसली होती. ती हलकेच म्हणाली, "आई, हे पाय बाळाचे वाटत नाहीत गं. म्हाताऱ्या माणसाचे असावेत, तसे लागतात."

गोधडीवाली लेकीसमोर खाली बसली. "मी घेतली," ती म्हणाली. "मावशीच्या लुगड्याची पट्टी. न विचारता. तिनं विचारलं तेव्हाही खोटंच बोलले."

लेक रडली नाही, भांडली नाही. तिने बाळाला छातीशी घेतलं आणि गोधडी आईपुढे सरकवली. "काढ ती."

गोधडीवालीने गोट हातात घेतला. जोड सापडेना. तिने स्वतः घातलेला जोड तिलाच दिसेना. अख्ख्या गावाला फसवणारी शिलाई आता तिलाही फसवत होती. शेवटी ती एका टोकापासून सगळा गोट उसवत सुटली. बोटांना सुई टोचली, रक्त आलं. दुपार टळली तेव्हा बोटाखाली एक पट्टी अशी लागली, की विहिरीतून नुकती काढली असावी. ओली नव्हती, पण गार होती.

ती पट्टी घेऊन गोधडीवाली गावाबाहेर गेली. म्हातारीच्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी, पायांच्या बाजूला, तिने ती आडवी अंथरली.

"मावशी, तुझं तुला आणलंय. मागायला हवं होतं, मागितलं नाही. मला माफ कर."

वारा होता. गवत हलत होतं, तिचा पदर उडत होता. पट्टी मात्र हलली नाही. मग तिची कड हळूच आत वळली. झोपेत कुणी पांघरूण पायाखाली खोचून घेतं, तशी. गोधडीवाली मागे न बघता घरी आली.

दारातच तिला रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. बाळाने पांघरूण लाथेने उडवलं होतं आणि ते हवेत पाय झाडत होतं. पाय उघडेच होते, पण ऊन होते. आजीने ते कपाळाला लावले आणि ती किती तरी वेळ रडत राहिली.

गोट पुन्हा लावला. राहिलेल्या जागेसाठी तिने पलीकडच्या घरच्या सुनेकडे जाऊन पट्टी मागितली. सुनेकडे पिवळी होती. सुनेने ती फाडली, "दिली" म्हणाली. जांभळ्या गोटातला तो पिवळा तुकडा लांबूनही दिसतो. गोधडीवाली आता कुणाला जोड शोधायला सांगत नाही.

पट्टी अंथरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मातीपाशी गेली, तेव्हा पट्टी तिथे नव्हती. पायांच्या बाजूला मातीत सुईने टोचावीत तशी बारीक भोकांची एक ओळ होती. टाके काही सरळ नव्हते. म्हातारपणी हात थरथरतो, तसे वाकडेतिकडे पडले होते.

तात्पर्य: न विचारता घेतलेलं कितीही सफाईने आपल्यात जोडलं तरी ते आपलं होत नाही; ते ज्याचं असतं, त्याची थंडी आपल्या घरात येते.