दोराखालचा मुलूख

त्या मुलखात माथ्यावरच्या गढीचं आणि खालच्या लोकांचं बोलणं एका दोरावरून चाले. गढीपासून मुलखाच्या टोकापर्यंत तो दोर गेला होता आणि त्याला धरून जागोजागी पाटकरी बसलेले असत. दोर ताणलेला असला की पाटाचं दार अर्धं लावून धरायचं, सैल पडला की उघडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दोर फार वेळ सैल पडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

मध्यावर एक मोटकरी होता. तो मोट हाकी आणि पाणी चहूकडे जाई. त्याच्याकडे गढीवरून एक जासूद वेगळ्या पायवाटेने येई. त्याला एकच शब्द शिकवलेला होता.

एके सकाळी सगळा मुलूखच उंचावरून खाली आदळला आणि दोर तुटला.

पाटकऱ्यांच्या हाती सैल दोर आला. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे सगळी दारं उघडली. पाणी खालच्या शेतांत पसरलं आणि तिथेच राहिलं. वर गढी कोरडी पडू लागली. तिच्या दोन खिडक्यांतला उजेड विझत आला.

रोजच्यासारखा जासूद आला. "दादा, हळू."

"अरे बाबा, मोट रिकामी वर येतेय, आणि हळू काय? जोरात म्हण की!"

"तो शब्द दोरावरून यायचा."

मोटकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. मग बैल हळू केले.

बाहेरून कुणीतरी थेंब थेंब पाणी पाटात सोडत राहिलं, म्हणून गढी वाचली. खाली मात्र कित्येक दिवस कुणी हललं नाही. शेवटी पाटकरी आपसात बोलले.

"वरून काही येत नाही. आता आपलं आपणच बघायचं."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर सांगणार कोण?"

मग एका दुपारी खालच्या तळ्याचं तोंड बंद झालं. तळं भरत गेलं, बांध फुगला. पाटकरी वर तोंड करून ओरडले. तुटल्या जागेच्या पलीकडे काही गेलं नाही. घाबरून त्यांनी हाताशी होतं तेच केलं. सगळी दारं घट्ट लावली.

पाणी जाणार कुठे? ते गढीकडे चढलं. गढीच्या भिंती लाल झाल्या, त्यांना घाम फुटला. तळ्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. जासूद धावत सुटला. "दादा, हळू! हळू!"

मोटेचे बैल जेमतेम पाऊल टाकत होते, तरी पाणी चढतच होतं.

"आता थांबूच का?" मोटकऱ्याने विचारलं.

"हळू," जासूद पुन्हा तेच म्हणाला.

तेव्हा गढीने तिला येत होतं तेवढंच केलं. बाहेर हाक मारली.

"वत्सले, डोकं फुटतंय गं माझं!"

खाटेशी बसलेली बाई ताडकन उठली. तिने पांघरूण बाजूला केलं. "अगं बाई! लघवीची नळी दबली की तुमच्या अंगाखाली." तिने नळी सरळ केली.

तळं उतरलं. पाटकऱ्यांनी एकेक दार सैल केलं. गढीच्या भिंती निवल्या.

पांघरूण घालताना एक पाऊल बाहेरच राहिलं होतं. वत्सलाने ते दोन्ही हातांत थोडा वेळ धरलं, मग आत घेतलं. माथ्यावर काही कळलं नाही. अगदी टोकाच्या पाटकऱ्याला मात्र ऊब लागली, आणि ती बातमी वर द्यायला त्याने सवयीने दोर हलवला.