अस्वलरावांची पेन्शन

अरण्यात हत्तीणबाईंचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. ज्याने त्याने जन्मभर आपल्या कमाईतला वाटा सरकारी कोठारात टाकायचा आणि म्हातारपणी, जसा वाटा तशी पेन्शन घ्यायची, असा कायदा होता. कोणाची कमाई किती, हे लक्षात ठेवायला पोपट नेमला होता.

अस्वलराव दरवर्षी नाकावरचा मध चाटत त्याला सांगायचे, "यंदाही काहीच मिळालं नाही हो!"

दात पडल्यावर ते काठी टेकत कोठारापाशी आले. "बाईसाहेब, जन्मभर झाडं चढलो. पेन्शन चांगली घसघशीत बसेल ना?"

हत्तीणबाईंनी पोपटाकडे पाहिलं. "काय रे, यांची कमाई किती?"

पोपट हुबेहूब अस्वलरावांच्या आवाजात म्हणाला, "यंदाही काहीच मिळालं नाही हो!"

बोलला पोपट आणि पोपट झाला अस्वलरावांचा!