गढीवरची झोळी

निंबोडीच्या मठात गोसावीबाबांची जुनी झोळी खुंटीला टांगलेली असे. भुकेल्यानं हात घालावा, मूठभर जोंधळे निघायचेच. सरदार रायाजीरावांनी हे ऐकलं आणि झोळी गढीवर नेऊन कुलपात घातली. तिच्या भरवशावर कोठारातलं सगळं धान्य विकून तोफा घेतल्या.

इकडे मठ झाडणाऱ्या मथुराक्काला ती रिकामी खुंटी बघवेना. रोज सकाळी ती सवयीनं मूठभर जोंधळे घेऊन खुंटीपाशी जायची, क्षणभर थांबायची आणि परत येऊन ते मडक्यात टाकायची.

सहा महिन्यांनी गढीवरून बोलावणं आलं. शिपाई उपाशी होते.

"म्हातारे, मंत्र सांग! झोळीतून दाणा निघत नाही."

"मंत्र कसला, सरकार? गावातला जो तो येताजाता तिच्यात मूठ टाकायचा. तुमच्या कुलपातून कुणाचा हात आत जाणार?"

"मग मी काय करू?"

"खांद्याला अडकवा आणि निंबोडीत दारोदार मागा. पहिलं दार माझं."

शिपाई खुदकन हसले. रायाजीरावांनी झोळी तिच्या अंगावर भिरकावली.

मथुराक्कानं ती पोटाशी धरून मठात आणली, खुंटीला टांगली आणि मडकं तिच्यात रितं केलं. संध्याकाळी झोळीत पहिला हात गेला, तो गढीवरच्या शिपायाचा.