अण्णा, आहात ना?

फार मागे एका डेटा सेंटरच्या दारावर दोन फायरवॉल राखणदार होते. थोरला निरोप तपासून आत सोडी. तो बंद पडलाच तर जागा घ्यायला धाकटा सज्ज असे आणि सारखा विचारी, “अण्णा, आहात ना?”

थोरल्याला शंका येई, हा माझ्या जागेवर टपला तर नाही? एकदा तो मुद्दाम गप्प बसला.

“अण्णा गेले!” म्हणत धाकट्याने दार हाती घेतले. एका दारात दोन राखणदार झाले. त्या गोंधळात दवाखान्याची रक्ताची मागणी अडकून पडली.

“अरे, आहे मी!” थोरला ओरडला.

धाकटा झटकन मागे सरला. “मग बोलायचं ना, अण्णा! जीव गेला होता माझा.”

मागणी पुढे गेली. नंतर क्षणभर धाकट्याचा आवाज आला नाही, तेव्हा थोरल्यानेच घाबरून विचारले, “बाळा, आहेस ना?”